स्टेम सेल प्रत्यारोपणानंतर डोळे कोरडे का पडतात?

रक्ताच्या कर्करोगासाठी किंवा थॅलेसेमिया, अप्लास्टिक ॲनिमिया अशा आजारांसाठी दुसऱ्या व्यक्तीच्या स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी, घेऊन केलेले प्रत्यारोपण यशस्वी होते, रक्ताचे रिपोर्ट मनासारखे येऊ लागतात, रुग्ण घराबाहेर पडू लागतो आणि नेमके त्याच सुमारास डोळे चुरचुरायला लागतात, असे बऱ्याच जणांच्या बाबतीत घडते. एवढ्या मोठ्या आजारातून माणूस उठलेला असताना डोळ्यांत कचरा गेल्यासारखे वाटते ही तक्रार कुणाला फारशी महत्त्वाची वाटत नाही. रुग्ण ती सांगत नाही, नातेवाईक जागरणाला किंवा मोबाइलला दोष देतात आणि मेडिकलच्या दुकानातून एखादी थेंबांची बाटली घरी येते. प्रत्यक्षात हा नेहमीचा डोळ्यांचा कोरडेपणा नसतो. प्रत्यारोपणातूनच उद्भवलेल्या एका आजाराचे ते डोळ्यांतले रूप असते आणि त्यात गेलेला वेळ सहसा भरून काढता येत नाही.

हे समजून घेण्यासाठी आधी प्रत्यारोपणात काय होते ते पाहावे लागते. रुग्णाच्या हाडांतील मज्जा, म्हणजे बोन मॅरो, जिथे रक्तपेशी तयार होतात, ती तीव्र केमोथेरपीने आणि काही वेळा रेडिएशनने रिकामी केली जाते आणि तिच्या जागी दात्याच्या मूळपेशी शिरेवाटे सोडल्या जातात. अमेरिकेतील डॉ. ई. डोनल थॉमस यांनी १९५७ मध्ये माणसांवरील अशा पहिल्या प्रयत्नांची माहिती प्रसिद्ध केली आणि या कामासाठी त्यांना १९९० चे नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ मध्ये बोन मॅरो प्रत्यारोपण झाले, ते देशातील अगदी सुरुवातीच्या प्रत्यारोपणांपैकी होय. या उपचारानंतर रुग्णाच्या अंगात जे रक्त तयार होते ते दात्याच्या पेशींचे असते, इतके की दात्याचा रक्तगट वेगळा असेल तर रुग्णाचा रक्तगटही कालांतराने बदलतो.

रक्ताबरोबर रोगप्रतिकारशक्तीही दात्याची येते, आणि खरा पेच इथे आहे. किडनीच्या प्रत्यारोपणात रुग्णाचे शरीर नवा अवयव नाकारेल ही भीती असते. मूळपेशींच्या प्रत्यारोपणात भीती उलट्या दिशेची असते. दात्याकडून आलेल्या टी-पेशी, ज्या पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार आहेत, त्या रुग्णाच्या संपूर्ण शरीराला परके मानून त्याच्यावर हल्ला करू शकतात. या आजाराला ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज किंवा थोडक्यात जीव्हीएचडी म्हणतात. प्रत्यारोपणापूर्वी पेशींवरच्या एचएलए नावाच्या खुणा जुळवून पाहतात, सख्ख्या भावंडात त्या पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. परंतु एचएलए पूर्ण जुळले तरी शरीरात इतर असंख्य लहानसहान फरक उरतातच, आणि टी-पेशींना तेही ओळखता येतात. त्यामुळे ‘शंभर टक्के मॅच’ असूनही हा त्रास होतो. त्यात दात्याचा काही दोष नसतो, त्याच्या पेशी ‘वाईट’ नसतात. हे मुद्दाम लिहायचे कारण असे की दाता असलेली भावंडे ही टोचणी मनात बाळगून असतात आणि कुणी त्यांना स्पष्ट शब्दांत काही सांगत नाही.

शिवाय याच पेशींचे दुसरे कामही आहे. रुग्णाच्या शरीरात कर्करोगाच्या काही पेशी केमोथेरपीतून निसटून उरल्या असतील तर त्यांनाही दात्याच्या टी-पेशी परके मानतात आणि मारतात. सौम्य स्वरूपाचा दीर्घकालीन जीव्हीएचडी असणाऱ्यांत ल्युकेमिया उलटण्याचे प्रमाण कमी आढळते, ते यामुळेच. म्हणून डॉक्टरांना या पेशी पूर्ण गप्प करायच्या नसतात, आणि डोळ्यांवरच्या उपचारांची सगळी आखणी या एका गोष्टीभोवती फिरते.

जीव्हीएचडी त्वचा, तोंड, यकृत, आतडी, फुप्फुसे अशा अनेक ठिकाणी होतो. त्याचा दीर्घकालीन प्रकार ज्यांना होतो त्यांच्यापैकी साधारण चाळीस ते साठ टक्के रुग्णांच्या डोळ्यांपर्यंत तो पोहोचतो. डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा एक पातळ थर सतत पसरलेला असतो, त्याची जाडी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकीच असते. त्यातले पाणी प्रामुख्याने वरच्या पापणीमागे, कानाच्या बाजूला असलेल्या अश्रुग्रंथीतून येते. पाणी लगेच उडून जाऊ नये म्हणून त्यावर तेलकट साय धरणारे द्रव्य पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथी पुरवतात. आणि हे पाणी बुबुळावर सरकून न जाता चिकटून राहावे यासाठी लागणारा बुळबुळीत म्युसिन डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणातल्या गॉब्लेट पेशी बनवतात.

वय झाल्यामुळे किंवा तासन्‌तास स्क्रीन पाहिल्यामुळे होणाऱ्या कोरडेपणात सहसा यातली एखादी व्यवस्था मंदावते. जीव्हीएचडी मात्र तिन्हींवर चालून जातो. अश्रुग्रंथीतल्या बारीक नळ्यांभोवती टी-पेशी गोळा होतात, तिथे सूज येते आणि सुजेच्या मागोमाग तंतुमय ऊती, म्हणजे व्रणासारखी घट्ट जाळी, वाढू लागते. नळ्या आवळल्या जातात आणि ग्रंथीचे काम करणारे भाग नाहीसे होतात. पापण्यांच्या ग्रंथी केमोथेरपी व रेडिएशनमुळे आधीच दुबळ्या झालेल्या असू शकतात, त्याही झडत जातात. पापणीच्या आतील आवरणावर पांढरट व्रण उमटतात, आणि अशी खरखरीत झालेली पापणी दर मिनिटाला पंधरा-वीस वेळा बुबुळावरून फिरत राहते.

सूज औषधाने उतरते, व्रण उतरत नाही. या आजाराबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ती ही आहे. सुजेच्या टप्प्यावर उपचार सुरू झाले तर ग्रंथीचा बराच भाग वाचू शकतो. जाळी पक्की झाल्यावर जे हाती उरते ते म्हणजे बाहेरून ओलावा पुरवणे. जीव्हीएचडी शरीरात इतरत्र शमला, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बंद झाली, तरी पुष्कळ रुग्णांचे डोळे वर्षानुवर्षे कोरडेच राहतात, त्याचे कारण हेच.

त्रास सहसा प्रत्यारोपणानंतर सहा महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंत केव्हाही सुरू होतो. बऱ्याचदा तो प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी करत आणल्यावर डोके वर काढतो, कारण तेव्हा दात्याच्या पेशींवरचा लगाम सैल झालेला असतो. डोळे चुरचुरणे, खुपणे, लाल होणे, सकाळी पापण्या चिकटणे, उजेड सहन न होणे, वाचताना अक्षरे मध्येच पुसट होऊन पापणी मिटल्यावर पुन्हा स्पष्ट होणे ही नेहमीची लक्षणे आहेत. काहींच्या बुबुळावर चिकट, दोऱ्यासारखे तंतू तयार होतात आणि प्रत्येक उघडझापीला ते ओढले जाऊन टोचतात. सुरुवातीच्या काळात डोळ्यांतून उलट जास्त पाणी वाहू शकते, आणि मग ‘पाणी तर येतंय, कोरडेपणा कसला?’ असा साहजिक प्रश्न पडतो. ते पाणी चिडलेल्या डोळ्याने तात्पुरते काढलेले असते, त्यात तेल आणि म्युसिन पुरेसे नसल्याने ते टिकत नाही. आजार पुढे सरकला की हेही पाणी आटते. कांदा चिरताना डोळ्यांत टिपूस येत नाही, रडू आले तरी अश्रू येत नाहीत, असे रुग्ण सांगू लागला तर अश्रुग्रंथीचे मोठे नुकसान झाले आहे असे समजावे.

लक्षणे आणि नुकसान यांचा मेळ नेहमी बसत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. बुबुळातील संवेदना देणारे मज्जातंतू दीर्घकाळाच्या कोरडेपणाने बधिर होऊ शकतात. अशा रुग्णाला दुखत नाही म्हणून तो निर्धास्त असतो आणि तपासणीत मात्र बुबुळाचा पृष्ठभाग जागोजागी सोलवटलेला दिसतो.

कुणाला धोका अधिक? ज्यांना प्रत्यारोपणानंतर सुरुवातीच्या महिन्यांत तीव्र जीव्हीएचडी होऊन गेला आहे, ज्यांच्या तोंडात किंवा त्वचेवर दीर्घकालीन जीव्हीएचडी आहे, ज्यांना मूळपेशी हाडातल्या मज्जेऐवजी दात्याच्या हाताच्या शिरेतून वाहणाऱ्या रक्तातून गोळा करून दिल्या आहेत आणि ज्या पुरुषांची दाता स्त्री आहे, त्यांना. शेवटच्या मुद्द्यामागे सरळ कारण आहे. पुरुषाच्या पेशींवर वाय गुणसूत्रामुळे काही खुणा असतात, त्या स्त्रीच्या टी-पेशींना अनोळखी असतात, आणि मुलग्याच्या गरोदरपणात तिच्या पेशींनी त्यांच्याविरुद्ध तयारी केलेलीही असू शकते.

तपासणी साधी आहे आणि ती प्रत्यारोपणाआधी एकदा करून ठेवावी, म्हणजे नंतर तुलना करता येते. शिर्मर चाचणी त्यातली मुख्य. ऑटो शिर्मर या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १९०३ मध्ये सुचवलेली ही पद्धत आजही जवळपास तशीच वापरली जाते. गाळण कागदाची पाच मिलिमीटर रुंद आणि पस्तीस मिलिमीटर लांब पट्टी घेऊन तिचे टोक दुमडतात आणि ते खालच्या पापणीच्या आत, कानाकडच्या बाजूला अडकवतात. रुग्ण डोळे मिटून पाच मिनिटे बसतो. पट्टी किती ओली झाली ते तिच्यावरच्या खुणांवर वाचतात. दहा मिलिमीटरपेक्षा जास्त ओल सर्वसाधारणपणे ठीक समजली जाते आणि पाच किंवा त्याहून कमी ओल म्हणजे अश्रू निश्चितच कमी आहेत. काही रुग्णांची पट्टी पाच मिनिटांनंतरही पूर्ण कोरडी बाहेर येते. यानंतर फ्लुओरेसीन हा पिवळसर-केशरी रंग डोळ्यात लावून निळ्या प्रकाशात स्लिट लॅम्पने, म्हणजे डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाने, पाहतात. बुबुळावर जिथे जिथे पृष्ठभाग खरवडला गेला आहे तिथे हिरवे ठिपके चमकतात, आणि अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो तेही मोजता येते. दहा सेकंदांच्या आत फाटला तर तो कच्चा. डॉक्टर वरची पापणी उलटी करून आतले व्रण पाहतात तो क्षण थोडा त्रासाचा असतो, पण तो टाळू नये.

उपचारांची सुरुवात कृत्रिम अश्रूंनी होते. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा सोडियम हायल्युरोनेट असलेले हे थेंब दिवसातून चार वेळा घालायचे की दर तासाला, हे आजार किती पुढे गेला आहे त्यावर ठरते. इथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. साध्या बाटलीतले थेंब जंतूमुक्त राहावेत म्हणून त्यात प्रिझर्व्हेटिव्ह घालतात, आणि त्यातले सर्रास वापरले जाणारे बेन्झाल्कोनियम क्लोराइड वारंवार पडत राहिले तर बुबुळाच्या पेशींनाच इजा करते. दिवसातून आठ-दहा वेळा थेंब घालणाऱ्या रुग्णाने प्रिझर्व्हेटिव्हविरहित थेंबच घ्यावेत. ते एकेका वापराच्या छोट्या कुप्यांत किंवा खास झडपेच्या बाटलीत मिळतात आणि महाग पडतात, हे खरे आहे. तरी पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे, असे माझे मत आहे. एका वेळी एकच थेंब पुरतो, कारण डोळ्यात त्याहून जास्त मावत नाही. दोन वेगळी औषधे असतील तर मध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्यावीत, आणि मलम असेल तर ते सर्वांत शेवटी, झोपताना.

ओलावा दिल्याने हल्ला थांबत नाही, त्यासाठी सूज उतरवणारी औषधे लागतात. सायक्लोस्पोरीनचे थेंब किंवा टॅक्रोलिमसचे मलम टी-पेशींना जागच्या जागी आवरते. सायक्लोस्पोरीन सुरुवातीला झोंबते आणि त्याचा गुण यायला आठवडे, कधी महिने लागतात, म्हणून पुष्कळ जण ते मध्येच सोडून देतात. स्टेरॉइडचे थेंब लवकर गुण देतात, मात्र ते थोड्या दिवसांसाठी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असतात. त्यांनी डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येतो आणि जंतुसंसर्ग झाला असेल तर तो झाकला जाऊन फोफावतो. आपल्याकडे लाल डोळ्यांसाठी चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या कित्येक थेंबांत अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइड असते. प्रतिकारशक्ती दाबलेल्या रुग्णाने असे थेंब मनाने वापरणे हा मोठा धोका आहे.

डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात वरच्या व खालच्या पापणीवर एकेक बारीक छिद्र असते, त्यातून अश्रू नाकात वाहून जातात. तयार होणारे थोडे पाणी तरी डोळ्यात टिकावे म्हणून ही छिद्रे सिलिकॉनच्या छोट्या बुचाने बंद करतात, किंवा बूच निसटत राहिले तर डाग देऊन कायमची बंद करतात. सूज आटोक्यात आल्यावर हे केलेले बरे, नाही तर सूज वाढवणारी द्रव्ये असलेले पाणीच डोळ्यात साठून राहते.

एवढ्याने भागत नसेल तर रुग्णाच्या स्वतःच्या रक्तापासून थेंब तयार करतात. रक्त काढून ते गोठू देतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा पिवळसर सीरम वेगळा करतात आणि सलाइन मिसळून वीस ते पन्नास टक्के तीव्रतेचे थेंब बनवतात. खऱ्या अश्रूंत असणारे पेशींच्या वाढीला मदत करणारे घटक आणि अ जीवनसत्त्व सीरममध्ये असते, ते नेहमीच्या बाटलीबंद अश्रूंत नसते. त्यांत प्रिझर्व्हेटिव्ह नसल्यामुळे बाकीच्या बाटल्या गोठवून ठेवायच्या, वापरातली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची आणि रक्तपेढीने किंवा रुग्णालयाने सांगितलेल्या दिवसांनंतर उरलेले थेंब खुशाल फेकून द्यायचे. प्रवासात त्यांची व्यवस्था सांभाळणे हे एक कामच होऊन बसते.

गंभीर रुग्णांसाठी आज उपलब्ध असलेले सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे स्क्लेरल लेन्स, असे मला वाटते, आणि नेमके तेच रुग्णांपर्यंत फार उशिरा पोहोचते. ही नंबराची नेहमीची मऊ लेन्स नव्हे. ती कडक, हवा जाऊ देणारी आणि आकाराने मोठी असते. ती बुबुळाला स्पर्श न करता त्याच्यावर घुमटासारखी उभी राहते आणि तिच्या कडा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकतात. मधल्या पोकळीत प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले सलाइन भरलेले असते, त्यामुळे बुबुळ दिवसभर पाण्यात राहते आणि पापणीचा खरखरीतपणाही त्याला लागत नाही. ती घालण्याची रीत सुरुवातीला धीर पाहते. लेन्स रबरी शोषकावर ठेवून सलाइनने काठोकाठ भरायची, मान पूर्ण खाली घालून चेहरा जमिनीला समांतर करायचा, दोन्ही पापण्या बोटांनी ताणून धरायच्या आणि लेन्स सरळ वर डोळ्याला टेकवायची. आत हवेचा बुडबुडा राहिला तर काढून पुन्हा सगळे करायचे. रात्री ती काढून ठेवावी लागते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयात अशा लेन्स मापाने बसवून देतात. खर्च मोठा आहे. पण जे अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून बसत होते, ते लेन्स बसल्यावर पुन्हा वाचू लागतात.

डोळ्यांसाठी म्हणून पोटातली औषधे वाढवावीत का, हा प्रश्न रुग्ण हमखास विचारतात. फक्त डोळ्यांत त्रास असेल तर डॉक्टर शक्यतो स्थानिक उपचारांवर भर देतात, कारण संपूर्ण प्रतिकारशक्ती दाबली तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि कर्करोगाविरुद्धचे संरक्षणही दुबळे होऊ शकते. इतर अवयवही सापडले असतील तर मात्र स्टेरॉइडच्या गोळ्या आणि त्यांनी भागले नाही तर रक्सोलिटिनिब, इब्रुटिनिब किंवा बेलुमोसुडिलसारखी अलीकडची औषधे विचारात घेतली जातात. हा निर्णय प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांचा असतो, आणि डोळ्याच्या डॉक्टरांनी काय पाहिले ते त्यांच्यापर्यंत लेखी पोहोचले पाहिजे. व्यवहारात हा कागद बहुधा रुग्णाच्या फाइलमधूनच प्रवास करतो, तेव्हा तो नीट लावून ठेवावा.

घरच्या घरी करण्यासारखे थोडे आहे, पण ते नियमाने करावे. पंख्याचा किंवा एसीचा झोत तोंडावर घेऊ नये. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात बाहेर पडताना आणि दुचाकीवर बसताना बाजूंनी बंद असलेला चष्मा लावावा. मिटलेल्या पापण्यांवर कोमट ओल्या कापडाचा शेक दिल्याने पापण्यांतले घट्ट झालेले तेल सैल होते. सर्दीच्या काही गोळ्या अश्रू आणखी कमी करतात, म्हणून कुठलेही नवे औषध विचारून घ्यावे. गुलाबपाणी, मध, तूप, काजळ यांपैकी काहीही डोळ्यात जाऊ देऊ नये. निरोगी डोळा कदाचित ते सोसेल. सोलवटलेल्या बुबुळावर आणि दबलेल्या प्रतिकारशक्तीवर यातून आलेला जंतू काही दिवसांत व्रण पाडू शकतो आणि क्वचित बुबुळाला भोकही पडते. एकाएकी वाढलेले दुखणे, दिसणे कमी होणे, बुबुळावर पांढरा ठिपका, पू येणे किंवा डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके तरंगणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

लहान मुलांकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. थॅलेसेमियासाठी प्रत्यारोपण झालेले सहा-सात वर्षांचे मूल ‘डोळे कोरडे वाटतात’ असे कधीच म्हणणार नाही. ते डोळे चोळते, भरभर पापण्या मिटते, उन्हात मान खाली घालते, फळ्यावरचे वाचायचे टाळते, आणि शिर्मरची पट्टी पाच मिनिटे ठेवू देत नाही. अशा वेळी रंगाची तपासणी आणि पालकांचे निरीक्षण यांवरच भिस्त असते. म्हणून तक्रार असो वा नसो, मोठ्यांप्रमाणेच मुलांचे डोळेही प्रत्यारोपणानंतरची पहिली काही वर्षे ठरावीक अंतराने तपासून घ्यावेत, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी करण्याच्या काळात हे अंतर आणखी कमी ठेवावे.